शाळा सुटता सुटता हात धरणारी माणसं

आम्ही वरवंडहून बोलतोय, दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं वरवंड. आम्ही बचत गटाचं काम करणाऱ्या बायका. एरवी रेडिओवर बोलायला आलो की हप्ते, व्याज, बँकेची कर्जं, पापड-मसाले असेच विषय असतात. आज मात्र इतिहास सांगणार आहोत. घाबरू नका, लढायांचा आणि राजांचा नाही. शाळा सोडायच्या बेतात असलेल्या पोरांचा, आणि त्यांचा हात धरणाऱ्या माणसांचा हा इतिहास आहे.

हा विषय सुचला तो गटाच्या बैठकीत. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या, चहा झाला. उठता उठता एकजण म्हणाली, "आमचा धाकटा शाळेत जायचं नाही म्हणतोय." कुणी म्हणालं, दोन दिवसांनी जाईल. कुणी म्हणालं, मोबाईल काढून घे, आपोआप जाईल. एवढ्यात आमच्यातली एक वयस्कर मावशी बोलली, "असंच आपण मागंबी म्हणलो होतो गं." सगळ्या एकदम गप्प झाल्या. मागं काय झालं होतं ते आम्ही शेवटी सांगू. त्या दिवशी मात्र आम्ही परत खाली बसलो आणि एकमेकींना एकच प्रश्न विचारला, "तुला शाळेत कुणी टिकवलं?"

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एकीची आजी रोज बांधापर्यंत सोडायला यायची. एकीच्या मोठ्या बहिणीने स्वतःची शाळा सोडून हिला शिकवलं. एकीला शेजारच्या काकू संध्याकाळी पाढे म्हणायला बसवायच्या. आणि ज्यांची शाळा सुटली, त्यांचंही उत्तर एकच होतं, "विचारणारं कुणी नव्हतं." बैठकीत कुणीही शाळेच्या इमारतीचं किंवा योजनेचं नाव घेतलं नाही. सगळ्यांना आठवलं ते एखादं माणूस. मग आम्ही इतिहासात शोधायला लागलो, तर तिथेही असंच माणूस सापडत गेलं.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करू. आपण त्यांना मुलींची शाळा काढणारे म्हणून ओळखतो. पण जोतीरावांची स्वतःची शाळा एकदा सुटली होती, हे आपल्या ध्यानात राहत नाही. त्यांचा जन्म १८२७ चा. वर्षाचे व्हायच्या आतच आई गेली. सगुणाबाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवलं. वडील गोविंदरावांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा. मुलाला शाळेत घातलं खरं, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, शिकला तर शेतातून जाईल, असं लोकांनी त्यांच्या मनात भरवलं. पोराला शाळेतून काढून मळ्यात लावलं. तेराव्या वर्षाच्या सुमारास लग्नही झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर हा शाळाबाह्य मुलगा होता.

पण शेजारी दोन माणसं होती. एक गफ्फार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट साहेब. दिवसभर मळ्यात राबून हा पोरगा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी गोविंदरावांना गाठलं, समजावलं, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत बसले. ही दोन्ही माणसं ना जातीची, ना धर्माची, ना नात्यातली. त्यांनी पैसे दिले नाहीत की शाळा बांधली नाही. पाहिलं, बापाशी बोलले आणि पिच्छा सोडला नाही. पुढे सात वर्षांनी, १८४८ मध्ये, पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत फातिमा शेख आल्या. १८५५ मध्ये फुल्यांनी दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळाही काढली. मळ्यातून परत शाळेत आलेल्या माणसाला राबणाऱ्यांची अडचण सांगावी लागली नसणार. सावित्रीबाईंचं नाव आपण दर ३ जानेवारीला घेतो. त्या दिवशी त्या दोन शेजाऱ्यांचीही आठवण काढावी असं आम्हाला वाटतं.

आता पुण्याहून आपल्या भागात येऊ. वरवंडहून पुण्याकडे निघालं की चौफुला लागतो. उजवीकडे वळलं की केडगाव, डावीकडे गेलं की सुपे आणि पुढे मोरगाव. बाजाराला, दवाखान्याला, देवदर्शनाला आपण या रस्त्यांनी कितीदा जातो. पण या दोन्ही रस्त्यांच्या टोकाला आपल्या आजच्या विषयाचा इतिहास आहे.

आधी केडगाव. तिथलं मुक्ती मिशन सगळ्यांना माहीत आहे. ते उभं केलं पंडिता रमाबाईंनी. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. मुलीला संस्कृत शिकवणं पाप समजलं जायचं त्या काळात त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना शिकवलं. ती आई स्वतः लग्नानंतर नवऱ्याकडून शिकली होती. १८७४ मध्ये दुष्काळात काही महिन्यांच्या आत रमाबाईंचे वडील, आई आणि बहीण गेली. त्या सोळा वर्षांच्या होत्या. उपाशीपोटी पायी हिंडणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवा मुलींना शिकवण्यासाठी. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि मुलींवर त्या धर्माचा प्रभाव पडतोय, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, कोण चूक, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्ही त्यातून आमच्यापुरतं एक घेतलं. दुसऱ्याच्या लेकराच्या शिक्षणात हात घालायचा असेल, तर त्याच्या आईबापाचा विश्वास आधी जपावा लागतो. तो गेला की पोर शाळेतून जायला वेळ लागत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो उपासमार झालेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ आणि सरकारी निर्बंध. केडगावला त्यांनी आधीच शेतजमीन घेतली होती, तिथे या मुलींना आणलं. सुरुवातीला तंबू आणि झोपड्याच होत्या. १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांवर गेली.

विचार करा मैत्रिणींनो, एवढ्या मुलींना शिकवायला शिक्षक आणायचे कुठून? तेव्हा शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली पुढे आल्या. त्यांनी नव्या मुलींना न्हाऊ घातलं, आजारपणात उशाशी बसल्या आणि हाताला धरून अक्षरं गिरवून घेतली. काल जी शिकत होती, ती आज शिकवायला लागली. शेती, विणकाम, छपाई, सगळी कामं तिथल्या बायकाच करायच्या. अंध मुलींसाठी ब्रेलमधून शिकायची सोय होती. हे सगळं आपल्या दौंड तालुक्यात घडलं.

याच शारदा सदनाची आणखी एक साखळी आहे. तिथे सुरुवातीलाच आलेली एक विधवा म्हणजे गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली, विशी उलटल्यावर शिकायला बसलेली. १८९३ मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. पंचविशी उलटेपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बहिणीच्या घरी येऊन त्या शिकल्या, मग हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ मध्ये त्या अमेरिकेलाही गेल्या. इंग्रजी मोडकंतोडकं येत असताना गेल्या. रमाबाईंनी गोदूबाईंचा हात धरला, गोदूबाईंनी बहिणीचा, आणि बहिणीने कित्येकींचा. आपल्या गटात एकीच्या कर्जाला दुसरी जामीन राहते, तसंच हे झालं. फरक इतकाच की इथे फेड पुढच्या मुलीकडे करायची असते.

आता थोडं साताऱ्याकडे बघू. पूर्वी गरीब मुलगा शिकायला शहरात आला की वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पण ही सोय सगळ्या जातींच्या मुलांना मिळत नव्हती. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या, दलिताच्या पोराला कोण वार देणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. पण या पोरांसाठी त्यांनी ते सोडलं. दागिने एकेक करून मोडले. एकदा कर्मवीर गावाला गेलेले, घरात धान्य संपलेलं, पोरं उपाशी. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं आणि धान्य आणलं. १९३० मध्ये त्या वारल्या. 

ही गोष्ट आपण भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. आम्हाला त्यात मंगळसूत्राइतकंच मोठं दुसरं काही दिसतं. दागिना मोडायचा प्रसंग एखाद्या दिवशी आला, पण ती पोरं जेवायला रोज बसायची. कुणाला ताप आलाय, कोण घरच्या आठवणीने रडतंय, कोण जेवताना गप्प आहे, हे रोज बघावं लागत असणार. आपण कुणी दागिने मोडायची गरज नाही. रोज बघणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता चौफुल्याच्या डाव्या हाताचा रस्ता. मोरगावला आपण मयूरेश्वराच्या दर्शनाला जातो. त्याच मोरगावात १९१० मध्ये अनुताई वाघ जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपायचं. पण त्यांच्या घरच्यांनी त्यांना शिकू दिलं. त्या शिक्षिका झाल्या, दिवसा पुण्यात शिकवायच्या आणि रात्रशाळेत बसून पुढचं शिकायच्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली पाड्यांमध्ये.

तिथे पोरं शाळेत येईनात. ताराबाई आणि अनुताईंनी पोरांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. पोरं अंगणात खेळतात, तर शाळा अंगणात नेली. "अंगणवाडी" हा शब्द ताराबाईंच्याच कामातून आला. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि तो शब्द देशभर गेला. आज आपल्यातल्या कितीजणी अंगणवाडी सेविका, मदतनीस आहेत! मोठी पोरं गुरं राखायला कुरणात जातात, तर शिक्षक कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरलीय. तिला नावच कुरणशाळा पडलं. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळत घरी राहतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणल्या. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. अडचण काय आहे हे आधी बघायचं आणि मग उपाय करायचा, ही कोसबाडची रीत. मोरगावच्या एका बालविधवेने ती आयुष्यभर पाळली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सगळे मोठे लोक झाले, आपल्यासारख्या दहावी-बारावी झालेल्या बायकांना काय जमणार, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो होतो. म्हणून आता अलीकडची गोष्ट सांगतो.

मुंबईत १९९८ मध्ये प्रथम संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नावाचं काम सुरू केलं. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शाळा पूर्ण केलेली तरुण मुलगी किंवा बाई. तिला सुमारे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळायचं. तिसरी-चौथीत असून ज्यांना पहिली-दुसरीचंही येत नाही, अशी पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. वर्गातल्या बाई वर्ग चालवायच्या, बालसखी मागे पडलेल्यांना धरायची. हेच काम गुजरातमध्ये बडोद्यातही झालं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात या दोन शहरांत तपासून पाहिलं. काही शाळांना बालसखी मिळाली, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या. जिथे बालसखी होती तिथली मुलं पुढे गेली, आणि सगळ्यांत जास्त फायदा सगळ्यांत मागे असलेल्या मुलांना झाला. हे दोघे पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ. म्हणजे वस्तीतल्या बारावी झालेल्या पोरीचं काम जगाच्या तराजूत तोललं गेलं आणि वजनात उतरलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की काम थांबल्यावर वर्षभराने तो फायदा बराचसा ओसरला. पीठ मळून ठेवलं म्हणजे भाकरी होत नाही, तव्यापाशी उभं राहावं लागतं.

दुसरा एक अनुभव उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला, २००५-०६ चा. काही गावांत नुसत्या सभा घेतल्या. लोकांना शाळेची माहिती दिली, समितीचे हक्क सांगितले. त्याने मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. काही गावांत मात्र गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना चार-पाच दिवस शिकवून वाचनाचे वर्ग भरवले. तिथे जी मुलं येऊन बसली ती वाचायला लागली. पण आली थोडीच. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्यातली पुष्कळ घरीच राहिली. मैत्रिणींनो, आपण बैठका घेण्यात पटाईत आहोत, म्हणून हे ध्यानात ठेवा. सभेने पोर वाचत नाही. आणि वर्ग भरवला तरी जे येत नाही त्याच्या दारात जाऊन त्याला आणावं लागतं.

आपल्या राज्यातही सध्या हे काम चालू आहे. शिक्षण खात्याची बालरक्षक चळवळ आहे. त्यात शिक्षक स्वतःहून शाळाबाह्य मुलांच्या मागे लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे ज्या गावी जातील तिथल्या शाळेत बसता यावं. २०२२ मध्ये "पहिले पाऊल" अभियानात गावोगावी आयांचे गट झाले, पहिलीला जाणाऱ्या लेकरांची घरीच तयारी करून घ्यायला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. म्हणजे दार उघडं आहे, आत जायचं की नाही हे आपल्यावर आहे.

आता ती राहिलेली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या एकीने बैठकीत सांगितलं होतं, "पोरीला आता शाळेची गोडी राहिली नाही." मुलगी आठवीत. आई रोजंदारीला जायची, धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी थांबायची. चार दिवस बुडाले, मग आठ. गणित समजेना, इंग्रजी समजेना, परत गेली की मागच्या बाकावर. आम्ही हसलो. म्हणालो, वयच तसं असतं. कुणी घरी गेलं नाही, कुणी तिला विचारलं नाही. उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका हातात आली. आम्हाला कायदा माहीत होता. मुलीचं वय अठरा लागतं हे आम्हीच दुसऱ्या बायकांना सांगत होतो. १०९८ हा नंबर आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेला होता. आम्ही फोन केला नाही. ओळखीचं घर, गटातली बाई, वाईटपणा कशाला, असं म्हणालो. लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या आणि जेवून आलो.

हे रेडिओवर सांगायचं की नाही, यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, नाव न घेता सांगा, दुसरीची तरी वाचेल. म्हणून सांगतोय.

त्यानंतर आम्ही सुरुवात केली. आठवड्यात दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी तासभर आम्ही सातजणी समाजमंदिरात बसतो. गावातली काही पोरं येतात. हंगामात उसाच्या फडावरच्या खोप्यांमधलीही येतात. ती कार्तिकात येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जातात. कधी निरोप न घेताच जातात. सगळी टिकतात असं नाही. आम्हीही चुकलो. पहिल्या महिन्यात आम्ही शाळेसारखंच ओरडायला लागलो, पोरं निम्मी झाली. मग शिकलो.

काय शिकलो ते थोडक्यात सांगतो, तुम्हाला सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल. आधी मुख्याध्यापकांना आणि समितीला भेटा, त्यांना सांगून काम करा. आपण शिक्षकांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहोत. आईबापांना विचारल्याशिवाय पोराला बसवू नका. बसायची जागा उघडी, सगळ्यांना दिसणारी हवी आणि नेहमी दोघीजणी हव्यात. एकीने चार-पाचच पोरं घ्यावीत, म्हणजे प्रत्येकाचं नाव, घर आणि अडचण ध्यानात राहते. इयत्ता बघू नका, येतं काय ते बघा. सहावीतल्या पोराला वाचता येत नसेल तर जोडाक्षरांपासून धरा, पण धाकट्यांसमोर लाजवू नका. ठरलेला दिवस चुकवू नका. ज्या लेकराच्या आयुष्यात कुणाचाच भरवसा नसतो, त्याला मंगळवारी बाई येणार म्हणजे येणार, एवढं तरी कळू दे. आणि पोराने मारहाणीचं, लग्नाचं किंवा नको त्या स्पर्शाचं काही सांगितलं, तर ते पोटात ठेवू नका. १०९८ ला फोन करा. ओळखीचं घर असलं तरी करा.

ती मुलगी मागच्या दिवाळीला माहेरी आली होती. आम्हाला भेटायला आली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मला दहावी देता येईल का?" १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे आम्ही तिला सांगितलं. सासरच्यांशी बोलायला आम्ही दोघी गेलो. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा सासूबाई हो म्हणाल्या. आता ती फोनवर गणितं विचारते. पास होईल की नाही, आम्हाला माहीत नाही. झाली तरी आमची चूक पुसली जाणार नाही, हेही आम्हाला माहीत आहे.

आणि बैठकीतल्या त्या धाकट्याचं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. बराच वेळ बोलेना. मग कळलं की चौथीत असून त्याला सलग वाचता येत नाही आणि उभं राहून वाचायला सांगितलं की पोरं हसतात. मोबाईलचा काही संबंध नव्हता. तो आता मंगळवारी येतो. शुक्रवारी कधी येतो, कधी नाही. नाही आला की आमच्यातली एक त्याच्या दारात जाते.

मैत्रिणींनो, एकच मागणं आहे. तुमच्या गटाच्या बैठकीच्या वहीत हप्त्याचा रकाना आहे, कर्जाचा आहे, दंडाचा आहे. त्यात आणखी एक रकाना आखा. या महिन्यात कुणाचं लेकरू शाळेत गेलं नाही? दर बैठकीला हप्ते झाले की हा प्रश्न विचारा, आणि नाव आलं तर उठायच्या आधी ठरवा की उद्या त्या घरी कोण जाणार. आमच्या वहीत हा रकाना आता आहे. तीन वर्षांपूर्वी नव्हता.